दोन फुटांचा धुरा आणि महाराष्ट्र शासन

मृग लागला की आमच्या तालुका कोर्टाच्या आवारात धुऱ्याची भांडणं उगवू लागतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तो आमच्या यवतमाळकडचा धुरा. दोन वावरांच्या मधली मातीची, गवताची, कुठे बोरी-बाभळीची पट्टी. दरवर्षी वखर मारताना कोणीतरी त्यातलं दोन बोटं आपल्यात ओढतो. दहा-पंधरा वर्षांत त्या बोटांचे दोन फूट होतात, आणि मग एका सकाळी कोणाच्या तरी हातात बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा लाकडी दांडा, येते.

असंच एक प्रकरण इथे धाग्यासारखं वापरतो. ओळख पटू नये म्हणून तपशील हलवले आहेत. दोघं चुलतभाऊ. आज्याचं चौदा एकर, वाटण्या होत होत प्रत्येकाला साडेतीन. जून २०१३ मध्ये धाकट्याने धुऱ्यात वखर घातला असं थोरल्याचं म्हणणं. धुरा मुळातच तिरपा होता असं धाकट्याचं. शिव्या झाल्या, आयाबहिणी निघाल्या, आणि थोरल्याने गाडीची उभारी उपसून हाणली. धाकट्याने डोकं वाचवायला हात वर केला. मनगटाच्या वरचं हाड मोडलं.

मी थोरल्याचा वकील. पहिल्या पेशीला शिपायाने पुकारा केला, "महाराष्ट्र शासन विरुद्ध...", तेव्हा व्हरांड्यात बसलेला धाकटा शेजारच्याला मोठ्याने म्हणाला, "हात माहा मोडला, मंग हे शासन कुठून आलं मधात?"

त्याने विचारलं ते रागात, पण गुन्हा आणि शिक्षा हा सगळा विषय कळायचा असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते.

धुरा कोणाचा, हा वाद दोन माणसांचा. त्याला दिवाणी म्हणतात. भूमी अभिलेखवाल्यांकडे मोजणीचे पैसे भरा, दावा लावा, हुकूमनामा घ्या; शासनाला त्यात रस नाही. पण हाड मोडलं की प्रकरण दोघांच्या हातातून निघून जातं. कायदा म्हणतो, हा घाव एकट्या धाकट्यावर पडलेला नाही. कोणीही कोणाला असं मारू नये या सगळ्यांनी मिळून पाळायच्या नियमावर तो पडला आहे, म्हणून फिर्याद आता सगळ्यांच्या वतीने शासन चालवेल. यामागे जुना अनुभव आहे. ज्याचं त्याने उगवून घ्यायचं ठरलं की धाकट्याची पोरं थोरल्याच्या पोरांना मारतात, मग त्यांची पोरं यांना, आणि तीन पिढ्या दोन घरं एकमेकांच्या दारावरून जात नाहीत. सूड घ्यायचा हक्क काढून घ्यायचा, बदल्यात तपासाची आणि शिक्षेची जबाबदारी शासनाने उचलायची, असा हा सौदा. त्याची किंमत मात्र मार खाणारा मोजतो. तो स्वतःच्याच केसमध्ये नुसता साक्षीदार उरतो. वकील सरकारी, तारीख कोर्टाची, आणि मध्येच मन बदललं तरी केस मागे घ्यायचा अधिकार बहुतेक वेळा त्याला नाही.

गुन्ह्यांची यादी बदलत असते

गावाला जे पाप वाटतं ते सगळं गुन्हा नसतं. उसने घेतलेले पैसे बुडवणं चावडीवर मोठा अपराध. पण नुसते पैसे परत न देणं ही दिवाणी बाब आहे. घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवता आलं तरच फसवणूक ठरते. ती जुनी ४२०, जी आता ३१८ झाली आहे. १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आकडे सगळे हलले. आमच्या बाररूममधली म्हातारी मंडळी अजून ३०२ आणि ३२६ च बोलतात, आणि पक्षकार तर "साहेब, हाफ मर्डर लागन का?" एवढंच विचारतो. हाफ मर्डर म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुनी ३०७, नवी १०९.

उलट बाजूने, गावाला ज्यात काही वावगं वाटत नाही ते कायद्यात गुन्हा असू शकतं. वर्धा नदीच्या अलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा, पलीकडे वर्धा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. यवतमाळच्या काठावर परवान्याच्या दुकानातून घेतलेली बाटली पुलावरून पलीकडे नेली की तोच माणूस, तीच बाटली, आणि आरोपी. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे त्या सहा वर्षांत जे करून माणसं ठाण्यात गेली, तेच नंतर बिल देऊन करता येऊ लागलं.

चोर बीटीचंही तसंच. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या या बियाण्याला सरकारची मान्यता नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते उघड उघड, सांगून सवरून पेरलं आणि गुन्हे अंगावर घेतले. निंदणाला बाई मिळत नाही म्हणून पाकीट घेणाऱ्या कास्तकाराला आपण गुन्हेगार आहोत असं क्षणभरही वाटत नाही. बरोबर कोण, हा वाद वेगळा. एवढंच बघा की गुन्हा ही वस्तू निसर्गात सापडत नाही. ती कोणीतरी ठरवतं, आणि ठरवणाऱ्यावर दाब आला की पुन्हा ठरवतं.

कधी हा दाब आमच्याच मातीतून आला आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण झालं. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीशी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि तिने कोर्टात "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर कोर्टाने ते धरून चालायचं. त्या मुलीला यातून काही मिळालं नाही. तिच्यानंतरच्यांना मिळालं.

आणि एक आठवण नकोशी वाटली तरी सांगायला हवी. विष घेऊन वाचलेल्या शेतकऱ्याच्या खाटेपाशी पूर्वी पोलीस बयान घ्यायला यायचे, कारण आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायला सांगितलं, आणि नव्या संहितेत ते सरसकट कलमच उरलं नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा काम करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला, तेवढाच गुन्हा राहिला.

मग माणूस गुन्हा का करतो?

सगळ्यात सोपं उत्तर गरिबी, आणि ते अर्धंच खरं आहे. गरिबीनेच गुन्हे होत असते तर दिवसाच्या रोजीवर जगणारी आमची अर्धी गावं तुरुंगात असती. विदर्भात कर्जाने पिचलेल्या कास्तकाराने सावकाराचं घर फोडल्याचं मी क्वचितच ऐकलं. त्याने दोर घेतला, डबा घेतला, हिंसा केली ती स्वतःवर. गुन्हा उलट बाजूने चालू असतो. परवाना नसताना सावकारी करणं, कर्जाला तारण म्हणून वावराचं चक्क खरेदीखत लिहून घेणं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, आणि अशी बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. गावात हे किती जणांना ठाऊक असतं, ते विचारून बघा.

चोरीत गरजेइतकंच काम संधी करते. मोटरपंपाच्या केबलची चोरी घ्या. विहीर गावापासून दोन किलोमीटर, रात्री जागलीला कोणी नाही, केबलमध्ये तांबं, आणि तालुक्याला तांबं तोलून घेणारा भंगाराचा काटा. यातली एक कडी तुटली तर चोरी होत नाही. पोरं पकडून काही होत नाही, दुसरी पोरं येतात. काटा बंद पडला तर फरक पडतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण भंगारवाल्याचा नंबर आरोपींच्या यादीत शेवटी लागतो, लागलाच तर.

आता आमच्या धुऱ्याचा हिशोब करू. दोन फूट रुंद, तीनशे फूट लांब, म्हणजे सहाशे चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात. एकरी सहा क्विंटल कापूस धरला तर त्या पट्टीत आठ किलो पिकतो. २०१३-१४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ४,००० रुपये क्विंटल होता. म्हणजे वर्षाला सव्वातीनशे-साडेतीनशे रुपयांसाठी भावाचं हाड मोडलं. हा आकडा मी थोरल्याला कागदावर करून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, पैशाची गोठ नाही. त्यानं मले मोजलंच नाही."

मारामारी-खुनाच्या ज्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी हेच वाक्य सापडलं. मला मोजलं नाही. पोळ्याला बैल आधी कोणाचे, मिरवणुकीत पुढे कोण, पोरीने कोणाशी लग्न केलं. आणि जिथे जातीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं की कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही, तिथे खालच्याने मान वर करणं हाच वरच्याला अपमान वाटतो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने मारलं. जमिनीचा, रस्त्याचा जुना वाद होताच. पण स्वतःची शेती कसणारं, पोरांना शिकवणारं ते घर होतं, हे विसरून तो वाद कळत नाही. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची २५ वर्षांची कैद केली. अॅट्रॉसिटीचं कलम दोन्ही ठिकाणी टिकलं नाही. खुनाला शिक्षा झाली, पण खुनाचं कारण निकालात नोंदलं गेलं नाही, असं माझ्यासारख्या अनेकांना आजही वाटतं.

दारूबद्दल एकच. "नशेत झालं, शुद्ध नव्हती" हा बचाव नाही. स्वतःहून प्यायलेल्याला कायदा शुद्धीतल्या माणसासारखंच धरतो. न सांगता किंवा इच्छेविरुद्ध कोणी पाजली असेल तरच वेगळं.

जन्माने गुन्हेगार ही कल्पनाही बरीच जुनी. इटलीत लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये कवटी आणि जबडा मोजून गुन्हेगार ओळखता येतो असं मांडलं. ते पुढे खोटं ठरलं. पण त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमातीच्या माथ्यावर शिक्का मारला होता. ऑगस्ट १९५२ मध्ये तो रद्द झाला. शिक्का मात्र गेला नाही. अमरावती-यवतमाळच्या गावकुसाबाहेर पारध्यांचे बेडे आहेत. पंचक्रोशीत कुठेही बकरी गेली की जीप पहिली तिकडे वळते. एका पारधी पोराने मला सांगितलं होतं की शाळेत कोणाचा पेन हरवला तरी सगळ्यांच्या माना त्याच्याकडे फिरायच्या. दहा वेळा विनाकारण नेलेल्या पोराला अकराव्या वेळी सोबत कोण मिळतं? आधीच आत जाऊन आलेले. अशाने शिक्काच आपला माणूस तयार करतो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी कलमं रद्द केली आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेखही काढायला लावले. म्हणजे १९५२ नंतर बहात्तर वर्षं ते तिथे होते.

ठाण्यापासून पेशीपर्यंत

हात मोडण्यापूर्वी चार महिने धाकटा स्वतःच ठाण्यात गेला होता. थोरल्याने शिव्या दिल्या, धमकी दिली अशी रपट त्याने दिली, आणि ठाण्याने त्याला एक पावती दिली. ती त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्यासोबत जपून ठेवली. त्याला वाटत होतं केस झाली. ती होती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा नोंदीवर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. पुढे जायचं तर फिर्यादीनेच कोर्टात जावं लागतं. हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्या चार महिन्यांत पोलीस पाटलाने दोघांना एकदा समोरासमोर बसवलं असतं तरी हाड वाचलं असतं, असं मला अजून वाटतं. ते असो.

दखलपात्र गुन्हा म्हणजे जिथे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो. त्याची पहिली नोंद म्हणजे एफआयआर. त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागायला लाजू नये. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो. ठाणेदाराने घेतलाच नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता आधी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ पासून बजावलं आहे.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापत. उभारीसारख्या वस्तूने केली तर तेव्हाची ३२६, आता ११८. वरची मर्यादा थेट जन्मठेप, आणि गुन्हा अजामीनपात्र. थोरला एकोणीस दिवस जिल्हा कारागृहात होता, जामीन मिळेपर्यंत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं लोक समजतात. तसं नाही; ठाण्यात हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. आणि मिळाला तरी जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा. ज्याच्या ओळखीत कोणाकडेच सातबारा नाही तो हुकूम हातात असूनही आतच राहतो.

तुरुंग म्हटलं की शिक्षा झालेली माणसं डोळ्यासमोर येतात. प्रत्यक्षात २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जे ५ लाख ७३ हजार लोक होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. चारांतले तीन. अजून कोणी त्यांना दोषी ठरवलेलं नव्हतं. नव्या कायद्यात पहिल्यांदाच आत गेलेल्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्च्यात काढला की त्याला सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले वगळून. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींनाही.

शिक्षा कशासाठी

न्याय संहितेत शिक्षा सहाच: फाशी, जन्मठेप, कैद (सक्तमजुरीची किंवा साधी), मालमत्ता जप्ती, दंड, आणि नव्याने आलेली समाजसेवा. पहिल्यांदाच चोरीत सापडलेल्याने ५,००० रुपयांच्या आतला माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला आता कैदेऐवजी बिनपगारी समाजोपयोगी काम लावायचं आहे. मला हे मनापासून पटतं. सोयाबीनचं एक पोतं उचललेल्या पोराला सराईतांच्या बराकीत पाठवणं म्हणजे सरकारी खर्चाने शिकवणी लावणं. खरं तर १९५८ पासून परिवीक्षेचा कायदा आहेच: किरकोळ गुन्ह्यात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि २१ वर्षांखालच्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये असं तो सांगतो. आमच्याकडे वकीलच तो अर्ज द्यायला विसरतात. अठराच्या आतल्याला तर आरोपी म्हणतही नाहीत. तो विधिसंघर्षग्रस्त बालक, आणि त्याचं काम बाल न्याय मंडळापुढे चालतं.

शिक्षा कशासाठी, हे धाकट्याला विचारलं तर तो म्हणेल, मला दुखलं तसं त्याला दुखावं म्हणून. गावकरी म्हणतील, दुसऱ्याने हात उचलताना विचार करावा म्हणून. थोरल्याची बायको म्हणाली होती, आत राहून सुधारत असेल तर राहू द्या, पण पेरणीला कोण? तिन्ही उत्तरं खरी आहेत आणि ती एकमेकांत बसत नाहीत. दुखावण्यासाठी लांब कैद हवी, सुधारण्यासाठी ती घातक, आणि मोडलेल्या हाताचा दवाखान्याचा खर्च तर दोन्हींतून भरून निघत नाही. तो भरपाईतून निघतो, जिच्याकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं.

धाकाबद्दल १७६४ मध्ये बेक्कारिया नावाच्या इटालियन माणसाने एक गोष्ट मांडली, आणि ती आजही खोटी पडलेली नाही: माणूस भितो तो शिक्षेच्या मोठेपणाला कमी, ती नक्की होणार याला जास्त. रानडुकराला शेताच्या कडेची तार माहीत असते. त्यात करंट रोज असतो की कधीतरी, हेही त्याला बरोबर कळतं. प्रत्येक भीषण घटनेनंतर चौकात "फाशी द्या" म्हणून मोर्चा निघतो तेव्हा मला तपासाच्या फायली आठवतात: पंचनाम्यावर सही करणारा पंच परगावचा, जप्त केलेली उभारी मालखान्यात सापडत नाही, डॉक्टरची बदली झाल्याने साक्ष तीन वर्षं लांबलेली. तारेत करंट नाही तो इथे.

फाशीचं म्हणाल तर १९८० पासून ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणासाठीच आहे. राज्यात फाशीची सोय दोनच तुरुंगांत, येरवडा आणि आपलं नागपूर. आणि जन्मठेप १४ वर्षांची असते, दिवस आणि रात्र वेगळी मोजून सातच भरते, हे जे पारावर ऐकू येतं ते साफ चूक. जन्मठेप म्हणजे जन्मभर. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच सांगितलं. खुनासारख्या गुन्ह्यात १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला त्याच्या सुटकेचा विचारच करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. विचार करेलच असं नाही.

मध्येच संचित रजेवर गावी आलेला कैदी दिसतो, आणि लोक कुजबुजतात की हा सुटला कसा. सुटलेला नसतो. चांगल्या वर्तणुकीवर मिळालेली ती रजा असते, संपली की परत जावं लागतं. अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे. तिथे निवडक पक्के कैदी शेती करतात, भिंतींचा पहारा जवळपास नसतो. खून केलेला माणूस उघड्या वावरात निंदण करतो आणि पळत नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण मी पाहिलेले बरेच खुनी आयुष्यात एकदाच, पाच मिनिटांसाठी खुनी होते.

गावात मिटवता येतं का? १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्ती मोहीम आली, समित्या झाल्या, बक्षिसं लागली. साधी मारहाण, शिवीगाळ, धुऱ्याचा दिवाणी वाद हे तिथे किंवा लोकअदालतीत खुशाल मिटवावं. पण कायद्याने कुठले गुन्हे आपसात मिटतात याची यादीच दिली आहे. खून, बलात्कार, अॅट्रॉसिटी त्यात नाहीत, समिती कितीही वजनदार असो. आणि जात पंचायतीने दंड लावणं, वाळीत टाकणं हा तर २०१६ च्या कायद्याने स्वतःच गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैदेचा.

आमच्या धुऱ्याच्या केसमधली ३२६ सुद्धा आपसात मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नव्हती. पाचव्या वर्षी धाकट्याच्या पोरीचं लग्न ठरलं. मांडवात काकाच नाही तर व्याही काय म्हणतील, या एका गोष्टीवरून दोन्ही घरांतल्या बायकांनी समेट घडवला. दोघं मिळून माझ्याकडे आले, मिटवून टाका म्हणाले. मी सांगितलं की इथे मिटत नाही. नागपूरला उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावं लागेल, खर्च इतका. आकडा ऐकून दोघंही गप्प झाले.

२०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, धाकटा पिंजऱ्यात चढला. सरकारी वकिलाने विचारलं, काय झालं त्या दिवशी. तो म्हणाला, बैल बिथरले, मी गाडीवरून पडलो, उभारीचा मार लागला. सरकारी वकिलाने त्याला फितूर जाहीर करून उलटतपास घेतला. ठाण्यातलं बयान वाचून दाखवलं, ते मी दिलंच नाही म्हणाला. न्यायाधीशांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे बघितलं, आणि पुढच्या महिन्यात पुराव्याअभावी थोरला निर्दोष सुटला. महाराष्ट्र शासन हरलं.

बाहेर टपरीवर दोघांनी एका बशीत चहा ओतून घेतला. मोजणीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी करा, एवढं मी सांगितलं. केला त्यांनी. तारीखही लागली, पण तोवर दोन्ही वावरांत पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती. उभ्या पिकात मोजणी होत नाही, कापूस निघाल्यावर या म्हणून मोजणीवाले परत गेले.